बोरीबंदरच्या वास्तूचा जीर्णोद्धार

पोथीचें संपादन करतांना कोणता पाठ मूळचा, कोणता प्रक्षिप्त व समासांतील टीप कोणाच्या हातची, हें ठरविल्यावांचून संशोधक लेखणी उचलीत नाहीं. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसच्या पुनर्विकासास केंद्रीय मंत्रिमंडळानें सप्टेंबर २०२२ मध्यें मान्यता दिली. जुनी वास्तु नव्या काळच्या प्रवाशांसाठीं व प्रेक्षकांसाठीं सजवितांना हाच नियम पाळला जावा, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

प्रथम या स्थळाचे थर पाहूं. ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं ठाण्यास जाणारी पहिली प्रवासी गाडी बोरीबंदराहून सुटली. विद्यमान वास्तूचें काम फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्याप्रमाणें १८७८ त सुरू होऊन सुमारें दहा वर्षें चाललें, आणि १८८७ च्या ज्युबिलीच्या निमित्तानें तीस व्हिक्टोरिया राणीचें नांव मिळालें. १९९६ त तें पालटून छत्रपति शिवाजी टर्मिनस झालें. २०१७ त त्यांत ‘महाराज’ हें पद आलें. मध्यंतरीं, २००४ मध्यें, युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत तिची नोंद केली. दर्शनी भागावरील राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलविला गेला. घुमटावरील ‘प्रगति’ची मूर्ति, फाटकाच्या खांबांवरील सिंह व वाघ, आणि जमशेटजी जीजीभाई व जगन्नाथ शंकरशेट यांच्या अर्धप्रतिमा मात्र राहिल्या. ता. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं याच स्थानकांत पन्नासांहून अधिक माणसें मारलीं गेलीं. तोहि या ग्रंथाचा एक अध्यायच होय.

आतां यांपैकीं कोणतें एक साल खरें धरून बाकीचें पुसावयाचें? माझ्या मतें कोणतेंच नाहीं. ‘मयमत’ या शिल्पग्रंथांत जीर्ण वास्तूंच्या नूतनीकरणाचें ‘अनुकर्मविधान’ सांगितलें आहे. ज्या वास्तूचीं लक्षणें अद्यापि ओळखूं येतात, तिचें नूतनीकरण तिच्याच जातीच्या द्रव्यांनीं करावें, असा त्याचा आशय आहे. लक्षणें ओळखणें आधीं, हातोडा मागून.

पॅरिस येथील ओर्से स्थानकाचा दाखला या प्रसंगीं दिला जातो. १९०० साली उघडलेल्या त्या स्थानकाचे फलाट नव्या लांब गाड्यांस आंखूड पडल्यानें १९३९ त दूरच्या गाड्या तेथून बंद झाल्या, आणि १९८६ त तेथें कलासंग्रहालय झालें. परंतु गाड्या गेल्यामुळेंच तेथें मोकळीक मिळाली. मुंबईंत अठरा फलाट अहोरात्र चालतात. येथें प्रेक्षकाची सोय करतांना प्रवाशाची वाट अडतां कामा नये. चाकरमान्यांची ही वर्दळ हाच या वास्तूचा मूळ पाठ आहे.

म्हणून दोन सूचना. नवी भर मूळ दगडास न चिकटतां, उद्यां काढतां येईल अशी असावी, आणि ती नवी आहे हें पाहतांच कळावें. समासांतील टीप मूळ ओळींत मिसळूं नये. दुसरें, ज्या भागास हात लागेल त्याचीं मापें, छायाचित्रें व अक्षरलेखांचे ठसे आधीं घेऊन सर्वांस पाहण्यास मिळतील असे ठेवावे. शिलालेख खालावण्यापूर्वीं आपण त्याचा ठसा घेतों. मग ज्या वास्तूवर शिल्पांतून एवढें लिहिलें आहे, तिला हा न्याय कां नसावा? जीर्णोद्धार चुकला तर तो पुढें सुधारतां येईल. नोंदच नसेल तर चुकलें काय, हेंहि कोणास कळणार नाहीं.