शब्दवेध : नक्कल

बोरीवलीतल्या एखाद्या व्याख्यानाचा मजकूर फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपवर जसाच्या तसा चिकटवला जातो, ती नक्कल. हा शब्द अरबी ‘नक़्ल’वरून फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ एका जागेवरून दुसरीकडे नेणे. त्यातूनच उतरवून घेणे हा अर्थ निघाला. मराठीत प्रत आणि अनुकरण टिकले, नेऊन पोहोचवणे मागे पडले. आज गरज आहे ती त्याच अर्थाची.

एकच मजकूर जागेनुसार बदलून पोहोचवता येतो, याचा पुरावा पश्चिम रेल्वेवर, बोरीवलीच्या उत्तरेलाच आहे. नालासोपाऱ्यात 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. हा लेख ज्या मालेतला, ती लेखमाला गिरनारला ब्राह्मीत, शाहबाजगढीला खरोष्ठीत आहे. कंदाहारला तिचा अंश ग्रीकमध्ये आहे. धौली-जौगडला कलिंगयुद्धाचा तेरावा लेख गाळून तिथल्यांसाठी स्वतंत्र लेख कोरले. मजकूर कुठे संक्षिप्त, कुठे मध्यम, कुठे विस्तृत ठेवल्याचे चौदावा लेखच सांगतो.

कुणी म्हणेल, संदेश सर्वत्र एकच हवा, शिवाय इतका वेळ कुणाकडे आहे? संदेश एकच हवा हे खरे. अशोकाचाही धम्म बदलला नाही, बदलली ती भाषा, लिपी आणि लांबी. वेळेचे म्हणाल, तर इन्स्टाग्रामच्या पोस्टखालच्या मजकुरातली लिंक दाबून उघडत नाही. ती तिथे तशीच चिकटवली की श्रम वाचतात, पण वाचक हरवतो. म्हणून मजकूर एकदाच लिहा, पण पाठवण्यापूर्वी तो तिथल्या वाचकाच्या नजरेने पुन्हा वाचा.