वाशीच्या खाडीचें दप्तर

वाशीच्या खाडीला नदी म्हणावें कीं समुद्र, याविषयीं आमच्या मनांत बरेच दिवस घोळ होता. भूगोल सांगतो कीं ती साष्टी बेट व मुख्य भूमि यांच्यामध्यें शिरलेली समुद्राची शाखा असून वर ठाण्यापाशीं एका चिंचोळ्या वाटेनें उल्हास नदीला मिळते. गेल्या माघांत वाशीगांवच्या एका कोळी नाखव्यांच्या होडींतून आम्ही भरतीबरोबर उत्तरेकडे निघालों, तेव्हां तो घोळ सुटला. दोन्ही तीरांवरचीं शहरें जिच्यांत आपलें नकोसें तें सोडून देतात, तिला व्यवहारांत नदीच म्हटलें पाहिजे.

शिलाहारांच्या काळीं ठाणें हें भरभराटीचें बंदर होतें. १७३७ त चिमाजी आप्पांच्या फौजेनें तें पोर्तुगीजांकडून घेतलें. १८५३ त तेथें आगगाडी पोंचली. वाशीच्या तीराचें भाग्य मात्र फार उशिरां उघडलें. १९७० त सिडको स्थापन झाली, १९७३ त येथें खाडीवर पहिला पूल झाला, आणि आमच्यासारख्यांना होडी ही मौजेची वस्तु झाली.

तिवरांच्या मुळांशीं निवट्या उड्या मारीत होत्या. एक खंड्या फांदीवर ध्यानस्थ बसला होता. भरती कोठवर चढते हें पाहावयास मोजपट्टी नको. फांद्यांवर एका ओळींत लोंबणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्याच तें सांगतात. ताम्रपटावर शक शोधतां शोधतां आमचे डोळे अधू झाले. येथें चिखलांतून वर आलेल्या दुधाच्या पिशवीवर सात वर्षांपूर्वींची तारीख स्वच्छ वाचतां आली!

नाखवा म्हणाले, "मास्तर, जाळं साफ करण्यातच आमची अर्धी ओहोटी जाते."

पुढें ऐरोलीच्या बाजूस रोहित पक्ष्यांचे थवे दिसले, आणि कांहीं वेळ आम्ही वल्हें मारणेंही विसरलों. हे पक्षी येथें फार पुरातन काळापासून येतात असें पुष्कळांना वाटतें. वास्तविक त्यांची मोठी गर्दी १९९० नंतरची आहे. २०१५ त येथें अभयारण्य झालें, २०२२ त खाडी रामसर यादींत गेली. पक्षी आले म्हणजे पाणी निरोगी झालें, असें आम्हींही वर्गांत सांगत आलों होतों. तें विधान आतां आम्ही मागें घेतों. लहान रोहित शेवाळावर जगतो, त्याच शेवाळानें त्याला गुलाबी रंग येतो, आणि तें शेवाळ शहराच्या मैल्यावर माजतें. म्हणजे हा थवा व ही घाण समकालीन आहेत, आणि एक दुसरीचें खंडन करीत नाहीं. एकच साक्षीदार ऐकून निकाल देण्याची चूक आम्हीं इतिहासाच्या अभ्यासकानें करावी, याची लाज वाटली. मैला वाढतच गेला तर एके दिवशीं पाण्यांतला प्राणवायु संपून शेवाळही कुजेल. मग थवे कोठें जातील, हें नाखव्यांना विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

ओहोटी लागली. परततांना वल्ह्याला गुंडाळलेली एक पिशवी नाखव्यांनीं सोडवून होडींत टाकली. तळाशीं तसल्या आठ-दहा पूर्वींच जमल्या होत्या.