चाकांवरच्या घराची दुखणी

बाथरूममध्ये थेंबभर गळती नाही, तरी हॉलची जमीन पायाखाली दबते. अमेरिकेत जुनं मोबाइल होम घेऊन, डागडुजी करून विकणाऱ्यांना हे कोडं नेहमीचं. उत्तर बहुधा घराच्या पोटात सापडतं. जमिनीखाली उष्णतारोधक थर आणि त्याला तोलून धरणारं जाड आवरण. फुटक्या नळीचं पाणी त्यात साचतं, सरकतं आणि भलतीकडेच डोकं वर काढतं. वर भुशाच्या दाबीव फळ्या. त्या भिजल्या की फुगल्याच!

नळी करड्या रंगाची असेल तर पहिला संशय पॉलिब्युटिलीन या प्लास्टिकवर. १९७८ ते १९९५ या काळात स्वस्त म्हणून ती सर्रास बसवली गेली. पाण्यातलं क्लोरीन तिला आतून ठिसूळ करतं. बाहेरून मात्र ती धडधाकट दिसते.

दिवे मधूनच मिणमिणतात? मग घराचं वय पाहावं. १९६५ ते १९७३ दरम्यान तांबं महागल्याने अनेक घरांत ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. त्यांचे जोड सैल होतात, तापतात. नव्या रंगाखाली असे दोष दडवून घर विकणं ही शुद्ध फसवणूक.

घराचं वय ओळखायची एक खूणही आहे. १५ जून १९७६ पासून मोबाइल होमना अमेरिकेच्या केंद्र सरकारची बांधणी-नियमावली लागू झाली. तेव्हापासून बाहेरच्या भिंतीवर लाल धातूची छोटी पट्टी ठोकली जाते. त्याआधीच्या घरांवर अनेक बँका कर्जच देत नाहीत.