मध्यम पल्ल्याच्या शर्यतींतील धक्का, पडणे आणि अपात्रता

मैदानी स्पर्धांमधील ८०० आणि १५०० मीटर या मध्यम पल्ल्याच्या मुख्य शर्यती होत. ३००० मीटर आणि ३००० मीटर स्टीपलचेस यांचा विचारही बहुधा त्यांच्याबरोबर केला जातो. ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतीत प्रत्येकाची लेन ठरलेली असते. ८०० मीटरमध्ये पहिल्या वळणापर्यंतच लेन पाळायची असते, त्यानंतर सगळे आतल्या कडेकडे वळतात. १५०० मीटरमध्ये लेन मुळातच नसतात. वक्र रेषेवरून बारा-पंधरा जण एकदम सुटतात. त्यामुळे धक्का लागणे, पाय पायात अडकणे, कोणी पडणे हे या शर्यतींत नेहमी घडते, आणि कोणाला अपात्र ठरवायचे, कोणाला पुढच्या फेरीत घ्यायचे, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

गर्दी आतल्या कडेलाच का होते, याचे उत्तर भूमितीत आहे. एखादा धावपटू आतल्या धावपटूपेक्षा एक मीटर बाहेरून वळण घेत असेल, तर त्या एका वळणावर त्याला सुमारे ३.१४ मीटर जास्त धावावे लागते. १५०० मीटरमध्ये अशी सात वळणे येतात, म्हणजे सुमारे २२ मीटर. तीन मिनिटे तीस सेकंदांच्या गतीने धावणाऱ्याला तेवढ्यासाठी तीन सेकंद लागतात. सिडनी ऑलिंपिकमध्ये (२०००) केनियाच्या नोआ न्गेनीने मोरोक्कोच्या हिशाम अल गरूजला १५०० मीटरमध्ये हरवले ते पाव सेकंदाने. तेव्हा आतली जागा कोणी सहजासहजी सोडत नाही. मात्र आत राहणारा कोंडीत सापडतो: पुढे एक, बाजूला एक आणि डावीकडे ट्रॅकची कडा. अशा वेळी बाहेर पडायला कोपर वापरले जाते. मॉस्को ऑलिंपिकच्या (१९८०) ८०० मीटर अंतिम शर्यतीत स्टीव्ह ओव्हेटने अशीच रेटारेटी करून वाट काढली आणि सुवर्णपदक मिळवले.

बहुतेक धावपटू पडतात ते मात्र कोपरामुळे नव्हे, पायांमुळे. पुढच्याची टाच मागे उचलली जाते तिथेच मागच्याचा पाय पुढे येत असतो. दोघांची पावले जुळत नसतील तर टाचेला पाय लागतो आणि तोल जातो. शर्यत संथ असते तेव्हा घोळका दाट होतो. शेवटचा फेरा जवळ आला की सगळे एकदम वेग वाढवतात, आणि धोका सर्वांत जास्त असतो तो तेव्हाच. अटलांटा ऑलिंपिकमध्ये (१९९६) अल गरूज पडला तो साधारण एक फेरा उरला असताना, पुढे धावणाऱ्या नूरुद्दीन मोरसेलीच्या पायाला अडखळून. मोरसेली जिंकला, अल गरूज शेवटचा आला. त्याचे ऑलिंपिक सुवर्ण अथेन्सपर्यंत (२००४) लांबले. तिथे मात्र त्याने १५०० आणि ५००० मीटर अशी दोन सुवर्णपदके मिळवली.

मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेचा नियम नुसत्या स्पर्शाला गुन्हा मानत नाही. स्पर्शातून कोणाला अन्याय्य फायदा झाला का, किंवा कोणाला इजा वा नुकसान झाले का, हे पाहिले जाते. अडथळा दुसऱ्या धावपटूच्या दोषामुळे आला असेल तर तो धावपटू अपात्र ठरू शकतो. अडथळा हेतुपुरस्सर नसेल किंवा दुसऱ्याच कारणाने आला असेल तर कोणालाही शिक्षा होत नाही. दोन्ही प्रकारांत ज्याचे गंभीर नुकसान झाले त्याला पुढच्या फेरीत प्रवेश देण्याचा, किंवा शर्यत पुन्हा घेण्याचा, अधिकार रेफरीला असतो. अशी सवलत सहसा प्रामाणिक प्रयत्नाने शर्यत पूर्ण करणाऱ्यालाच मिळते. म्हणून पडलेल्याने उठून अंतिम रेषा गाठणे महत्त्वाचे.

प्राथमिक फेरीत झालेले नुकसान या नियमामुळे भरून काढता येते, पण ते रेफरीच्या आणि अपील ऐकणाऱ्या ज्युरीच्या मतावर अवलंबून असते. म्युनिक ऑलिंपिकमध्ये (१९७२) अमेरिकेचा जिम रायन १५०० मीटरच्या प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूच्या पायात अडकून पडला. तो उठला, शर्यत पूर्ण केली, अपीलही झाले. ते फेटाळले गेले. १५०० मीटरचा विश्वविक्रम तेव्हा त्याच्याच नावावर होता.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण बीड जिल्ह्यातील अविनाश साबळेचे. दोहा येथील जागतिक स्पर्धेत (२०१९) ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत इथिओपियाचा ताकेले निगाते पडल्याने साबळेची वाट अडली आणि लय मोडली. स्टीपलचेसमध्ये हे विशेष घातक असते, कारण अडथळ्यावर नेमक्या पावलाने पोहोचावे लागते आणि मोडलेली लय पुन्हा बसवण्यात ताकद खर्च होते. तरीही साबळेने ८ मिनिटे २५.२३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मात्र क्रमांक सातवा असल्याने तो बाहेर पडला होता. भारताने तक्रार केली, चित्रफीत तपासली गेली आणि त्याला अंतिम फेरीत घेण्यात आले. तिथे तो तेरावा आला, पण ८ मिनिटे २१.३७ सेकंद अशी वेळ नोंदवून त्याने स्वतःचा विक्रम पुन्हा मोडला आणि टोकियो ऑलिंपिकची पात्रताही मिळवली. एका तक्रारीने धावपटूची वाटचाल किती बदलते, हे या घटनेइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

टोकियोतच (२०२१) ८०० मीटरच्या उपांत्य फेरीत अमेरिकेचा आयझाया ज्युएट आणि बोट्सवानाचा नायजेल अमोस एकत्र पडले. दोघांनी एकमेकांना उठवले आणि बरोबरच शर्यत पूर्ण केली. अमोसला नऊ धावपटूंच्या अंतिम फेरीत स्थान मिळाले, ज्युएटला नाही. बाहेरून एकच वाटणाऱ्या अपघातात दोघांबद्दलचा निर्णय वेगळा होऊ शकतो तो असा.

अंतिम शर्यतीत मात्र पुढची फेरी नसते. शर्यत पुन्हा घेण्याची तरतूद आहे, पण पूर्ण ताकद लावून धावलेल्या धावपटूंना ती नव्याने धावायला लावणे हा फार टोकाचा उपाय आहे. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत (२००९) महिलांच्या १५०० मीटर अंतिम शर्यतीत सुमारे २०० मीटर उरले असताना स्पेनच्या नतालिया रोद्रिगेसने आतल्या बाजूने घुसून पुढे जाण्याचा प्रयत्न केला आणि आघाडीवरची इथिओपियाची गेलेते बुर्का पडली. रोद्रिगेस पहिली आली, पण अपात्र ठरली. सुवर्ण बहारीनच्या मरियम युसूफ जमालला मिळाले. नियमाप्रमाणे निर्णय योग्यच होता. तरी जिचे नुकसान झाले त्या बुर्काच्या हाती काहीच आले नाही. अंतिम शर्यतीपुरता हा नियम दोषीला शिक्षा देतो, पीडिताला भरपाई देत नाही. त्यातली खरी उणीव हीच आहे.

सर्वांत गाजलेली घटना लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधील (१९८४) महिलांच्या ३००० मीटर अंतिम शर्यतीची. अमेरिकेची मेरी डेकर १५०० आणि ३००० मीटरची जगज्जेती होती; दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली अठरा वर्षांची झोला बड ब्रिटनकडून अनवाणी धावत होती. १७०० मीटरच्या सुमारास बड किंचित पुढे होती आणि आतल्या बाजूने डेकर तिला खेटून धावत होती. दोघींचे पाय लागले आणि डेकर मैदानात कोसळली. ती शर्यत पूर्ण करू शकली नाही. प्रेक्षकांच्या हुर्योत बड सातवी आली, रुमानियाची मारिचिका पुइका जिंकली. बडला आधी अपात्र ठरवले गेले. ज्युरीने चित्रफीत पाहून तो निर्णय रद्द केला. घोळक्यात मागून येणाऱ्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. म्हणून टक्कर टाळण्याची अधिक जबाबदारी मागच्यावर, असे धावपटू सहसा मानतात. पुढच्याने पुरेसे अंतर नसताना आत वळू नये, ही त्याची दुसरी बाजू. बड आणि डेकर यांच्यात नेमके कोण कुठे चुकले, हा वाद त्या निकालानंतरही अनेक वर्षे चालला.

अपात्रतेचे दुसरे कारण ट्रॅकच्या आतल्या कडेचे. कडेवर किंवा तिच्या आत पाऊल टाकले तर अंतर कमी होते. जाकार्ता आशियाई स्पर्धेत (२०१८) गोविंदन लक्ष्मणनचे १०,००० मीटरचे कांस्य याच कारणाने गेले. शर्यत लांब पल्ल्याची, पण नियम तोच. धक्क्यामुळे आत ढकलला गेलेला धावपटू मात्र, त्याला ठोस फायदा झालेला नसेल तर, दोषी ठरत नाही. तोरून्य येथील युरोपीय इनडोअर स्पर्धेत (२०२१) नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्त्सेनला १५०० मीटर जिंकूनही अपात्र ठरवले गेले, आणि त्याला ढकलले गेल्याचे मान्य झाल्यावर सुवर्ण परत देण्यात आले. वळणावर एकदाच रेषेला पाय लागला तर आता फक्त नोंद होते. त्याच स्पर्धाप्रकारात पुन्हा लागला तर अपात्रता, मग तो पुढच्या फेरीत का असेना. पूर्वी एका पावलावर पदक जाई, त्या मानाने हा बदल न्याय्य आहे.

ट्रॅकभोवती नेमलेले पंच नियमभंग दिसताच पिवळा झेंडा उंचावतात. अपात्रतेचा निर्णय रेफरीचा असतो आणि मोठ्या स्पर्धांत चित्रफीत पाहणारा स्वतंत्र रेफरीही असतो. निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून तीस मिनिटांत तक्रार करावी लागते. रेफरीचा निर्णय मान्य नसेल तर अपील ज्युरीपुढे जाते. इंचिऑन आशियाई स्पर्धेत (२०१४) महिला स्टीपलचेसमध्ये बहारीनच्या रूथ जेबेटला आधी अपात्र ठरवले गेले, तेव्हा सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर दुसऱ्या आणि सुधा सिंग तिसऱ्या क्रमांकावर आली. अपिलानंतर जेबेटचे सुवर्ण कायम झाले. ललिताला कांस्य मिळाले, सुधा सिंग चौथी राहिली.