नवरा सिटिझन, तरी बायको दाराबाहेर

लग्न करून अमेरिकेला निघालेल्यांची व्हिसा मुलाखत मुंबईत, बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये होते. नवऱ्याकडे जायची परवानगी इथेच का काढावी लागते? हे पक्कं झालं १९२४ च्या कायद्याने. त्याआधी खरी तपासणी बोटीतून उतरल्यावर, एलिस आयलंडसारख्या ठिकाणी व्हायची. आता आधी कॉन्सुलचा व्हिसा, मग बोट.

सिटिझनच्या बायकोला कोट्यातून सूट होती. पण वंशामुळे ज्यांना नागरिकत्व मिळूच शकत नाही, त्यांना प्रवेश बंद, असंही कलम होतं. यात चिनी, जपानी आले आणि १९२३ च्या भगतसिंग थिंड निकालामुळे आपणही.

जुलै १९२४ मध्ये काही चिनी बायका सॅन फ्रान्सिस्कोला पोचल्या. नवरे अमेरिकेतच जन्मलेले, पक्के सिटिझन. तरी अडवलं. २५ मे १९२५ ला सुप्रीम कोर्टानेही नाहीच म्हटलं. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), त्याच दिवशी त्याच कोर्टाने चिनी व्यापाऱ्यांच्या बायकांना मात्र येऊ दिलं, कारण चीनशी जुना करार होता. म्हणजे परक्या व्यापाऱ्याची बायको चालेल, आपल्याच नागरिकाची नको!

१९३० मध्ये सूट मिळाली, तीही १९२४ च्या कायद्याआधी लग्न झालेल्यांनाच. नागरिकत्वाची वंशाची अट जायला १९५२ उजाडलं.

कॉन्सुलचं टेबल मात्र हललं नाही. एल साल्वादोरच्या नवऱ्याला व्हिसा नाकारला म्हणून एक अमेरिकन बायको सुप्रीम कोर्टापर्यंत लढली. २०२४ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी हरली. परदेशी नवऱ्याला देशात आणणं हा तिचा मूलभूत हक्क नाही, असं कोर्टाने ठरवलं.