शस्त्राचा हक्क आणि बडोदे

आमच्या बडोद्यातल्या मराठी घरांतून एखादे तरी मूल आज अमेरिकेत असते. तिकडच्या नातवंडांना शाळेत एक तालीम दिली जाते. बंदूकवाला आत शिरला तर वर्गाचे दार लावून, दिवे मालवून, आवाज न करता कसे बसायचे याची. इथल्या आज्यांना ते खरे वाटत नाही. एवढी पोरे मेल्यावर सरकार बंदुका काढून का घेत नाही, हा त्यांचा साधा प्रश्न.

या प्रश्नाला निरनिराळ्या देशांनी निरनिराळी उत्तरे दिली. एप्रिल १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे एका माणसाने ३५ जणांना ठार केले. त्यानंतर बारा दिवसांत तिथल्या केंद्र व राज्य सरकारांनी नवे निर्बंध ठरवले आणि सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून मोबदला देऊन परत घेतल्या. अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली गेली. बंदूक घेणाऱ्याची चौकशी अधिक कडक करावी, एवढीच सूचना पुढे सिनेटमध्ये आली. एप्रिल २०१३ मध्ये तिला ५४ मते पडली. हवी होती ६०. तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क १७९१ पासून राज्यघटनेत आहे आणि प्रत्येक वाद त्या एका वाक्यापाशी येऊन थांबतो.

आपण हे सारे त्रयस्थासारखे वाचतो. वास्तविक हाच वाद आपल्याकडे सत्तर वर्षे चालला होता, आणि तेव्हा आपले पुढारी हक्क मागणाऱ्यांच्या बाजूला होते.

१८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्रास्त्रांचा कायदा केला. देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. परवान्याशिवाय हिंदी माणसाने शस्त्र बाळगायचे नाही, पण युरोपियनांना मात्र सूट, असा तो न्याय होता. लोकांच्या मनात सलत होता तो हा भेद. काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. बडोद्याच्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात १९१८ साली सैन्यभरतीसाठी हिंडताना गांधीजींनीही ब्रिटिश राज्याच्या काळ्या कृत्यांत या कायद्याची गणना केली. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने हे म्हणावे, याचे आज नवल वाटते. पण त्यांना खुपत होते ते एका राष्ट्राला नि:शस्त्र करून लाचार ठेवणे. १९३१ साली वल्लभभाई पटेलांच्या अध्यक्षतेखाली कराचीला मूलभूत हक्कांचा ठराव झाला. नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क त्यातही होता.

मग स्वराज्य आले. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत स्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा चालू असताना ह. वि. कामत यांनी दुरुस्ती मांडली की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. जुन्या मागणीचीच ती पूर्तता होती. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवे ते हत्यार विनाअटकाव विकत घेता येऊ लागले, तर राज्याचा कारभार चालणार कसा, हा त्यांचा मुद्दा होता. दुरुस्ती मंजूर झाली नाही. आपल्या घटनेत बंदूक हा मूलभूत हक्क झाला नाही, तो असा.

बडोदेकर म्हणून मला इथे १९१७ साल आठवते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आंबेडकर संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, पण शहरात त्यांना कोणी जागा देईना. अखेर एका पारशी मुसाफिरखान्यात नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम त्यांनी सोडला. पुढचे काही तास या विद्वान अधिकाऱ्याने कमाटीबागेत बसून काढले आणि रात्रीची गाडी पकडली. तिथे आज संकल्पभूमी आहे. त्या काठ्यांमुळेच त्यांनी १९४८ मध्ये तसे उत्तर दिले, असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा नाही. पण हत्यार सर्वांना मोकळे झाले की ते आधी कोणाच्या हाती जाते, हे त्या जिन्यावर स्पष्ट दिसते. एकट्या माणसाला तिथे पिस्तुलाचा उपयोग नव्हता. उपयोग होता कायद्याचा, आणि त्या दिवशी तो आला नाही.

कोणी म्हणेल, बंदूक नसली म्हणून माणसे मरायची थांबतात का? आमच्या शहराला हे विचारण्याचा अधिकार आहे. १ मार्च २००२ रोजी बेस्ट बेकरीत चौदा जीव गेले. तिथे आग आणि तलवारी पुरल्या. तेव्हा शस्त्रबंदीने द्वेष संपतो, असा भ्रम कोणी बाळगू नये. मात्र त्या कामाला जमाव लागतो, आणि जमाव जमतो तो पोलिसांच्या व शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत. त्याला वेळीच अडवता येते. अडवले नाही तर जाब विचारता येतो. बंदूकवाल्याला एक खोली आणि दहा मिनिटे पुरतात.

इंग्रजांचा कायदा जाऊन १९५९ चा आपला कायदा १९६२ पासून अमलात आला. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. निवडणूक आली की परवान्याची बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो, हे सीमाभागातल्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. परवाना गरजेपेक्षा वजनावर मिळतो आणि देशी कट्टा परवान्याशिवायच फिरतो, ही दुखणी आहेतच. १८७८ च्या कायद्यात डाचत होता तो भेदभाव. परवाना वजन पाहून दिला गेला, तर तोच भेदभाव नव्या नावाने परत येतो. म्हणून कायदा असावा, कडक असावा, आणि तो तालेवाराला व शेतमजुराला एकाच मापाने लागावा. सत्तर वर्षांच्या भांडणातून आपण कमावले ते एवढेच, आणि ते थोडे नाही.