गव्हाच्या पैशातली संस्कृती

विद्यापीठात गोरे प्राध्यापक 'भारतीय संस्कृती' शिकायला येत, तेव्हा त्यांचा खर्च कोण करतो, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. पडला नाही.

1954 साली अमेरिकेने पी. एल. 480 हा कायदा केला. त्याखाली आलेल्या गव्हाची किंमत भारत सरकारने रुपयांत भरली आणि ते रुपये इथेच, अमेरिकेच्या खात्यावर साठत गेले. 1974 साली अमेरिकेने त्यातल्या 1,664 कोटींवर पाणी सोडले, इतका तो साठा! रेशनच्या रांगेत माझी आई उभी राही. तिच्या पदराच्या गाठीतले आणेही या हिशेबात आहेत, असे मी धरतो.

याच रुपयांतून फुलब्राइट योजनेला, तसेच 1961 साली स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजला पैसा मिळाला. तिचे पहिले बिऱ्हाड पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते.

आणि पाहुण्यांना दाखवले काय? मी विद्यार्थी असताना पाहिलेला कार्यक्रम असा : संस्कृत स्वागतगीत, सतारवादन, केळीच्या पानावर जेवण. कॉलेजच्या कुंपणामागे आमची वस्ती होती. तिकडे बोट दाखवायलाही कुणी धजले नाही. यजमान कोण, यावर संस्कृती ठरली.

तरीही काहीजण कुंपण ओलांडून आले. एलिनॉर झेलियट आंबेडकरी कार्यकर्त्यांना भेटल्या, त्यांची कागदपत्रे वाचली आणि डॉ. आंबेडकर व महार चळवळ या विषयावरचा प्रबंध 1969 साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाला दिला. आमच्या विभागात तोच विषय सुचवणाऱ्या मित्राला मार्गदर्शक म्हणाले होते, "हा इतिहास नव्हे, राजकारण आहे." त्याने मग पेशव्यांच्या महसुलावर लिहिले.